सांगलीतली ९११ : वाटणीसाठी केलेल्या मूल्यांकनाच्या नोंदी

२४ सप्टेंबर २०२५

काम हाती घेतलं. मार्केट यार्डातली हळद-बेदाण्याची जुनी पेढी, दोन भाऊ भागीदार. वडील, म्हणजे आबा, गेल्या वर्षी वारले. पाडव्याच्या आत हिशेब मिटवायचा आहे. गोदामं आणि ट्रक दुसऱ्याकडे दिलेत. माझ्या वाट्याला एकच वस्तू आली, पण तीच सगळ्यात नाजूक. पोर्शे ९११ कॅरेरा एस, २०१० ची नोंदणी, एमएच-१० पासिंग. आबांनी हौसेनं घेतलेली.

थोरले अण्णा म्हणतात विकून मोकळे होऊ. धाकटे बापू म्हणतात मी ठेवतो, तुमचा हिस्सा देतो. भांडण नाही, फक्त आकडा जुळत नाही. बापूंच्या मोबाइलमध्ये पन्नास लाखांची जाहिरात, अण्णांच्या मोबाइलमध्ये नव्वदची. ज्याला घ्यायची त्याला स्वस्तातली सापडली, ज्याला विकायची त्याला महागातली. जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते, सौदा नव्हे, एवढं दोघांनाही सांगून ठेवलं.

अहवालात तीन गोष्टी द्यायच्या ठरल्या : आज विकली तर काय येईल, ठेवली तर वर्षाला काय जाईल, आणि आलेल्या पैशातून पेढीच्या हाती काय पडेल. तिसरा मुद्दा मी घातला. गाडी पेढीच्या नावावर आहे हे आरसी बघितल्या बघितल्या डोळ्यांत भरलं होतं.

२६ सप्टेंबर

कुपवाडच्या शेडमध्ये गाडी पाहिली. कव्हर चांगलं, आत उंदराचा मागमूस नाही. बॅटरी मात्र पार उतरलेली.

या गाडीत इंजिन मागे, सामानाची जागा पुढे आणि बॅटरीही पुढेच. पुढचं झाकण विजेवर उघडतं. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोहोचायची वाटच बंद. त्यावर कारखान्यानंच तोड ठेवलीय : पायांजवळच्या फ्यूज बॉक्समधून एक टर्मिनल बाहेर ओढता येतं. बाहेरच्या बॅटरीची पॉझिटिव्ह त्याला लावायची, निगेटिव्ह दाराच्या लॉकच्या लोखंडी कडीला, आणि मग रिमोटनं झाकण उघडायचं. लावली, तर अलार्म असा बोंबलला की वॉचमन काठी घेऊन पळत आला. नवी बॅटरी आणि सोबत ट्रिकल चार्जर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा, हे दोन्ही खर्चात धरायचे. अशी गाडी उभी ठेवायची तर चार्जर लावूनच ठेवायची. बापूंना हे आजच सांगितलं.

रंगाची जाडी मोजली. साधं चुंबकी मीटर इथं उपयोगाचं नाही, कारण पुढचं झाकण ॲल्युमिनियमचं. लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही मोजणारं मीटर लागतं. बहुतेक ठिकाणी ११० ते १४० मायक्रॉन. मागचा उजवा फेंडर २९० च्या आसपास. तेवढाच भाग पुन्हा रंगवलाय, काम नीट झालंय, खालचा पत्रा सरळ आहे. दिवाणजींना आठवलं, यार्डात एका टेम्पोनं घासली होती. किमतीत थोडा फरक पडेल, फार नाही.

टायर पुढे २३५/३५ आर १९, मागे २९५/३० आर १९. नक्षी भरपूर शिल्लक, पण बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का २३१४, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. अकरा वर्षांचं रबर. नक्षी दाखवून हे टायर 'नवेच आहेत' म्हणून विकणारे पुष्कळ भेटतात. चारही बदलायचे.

३० सप्टेंबर

बापूंचा पुतण्या, म्हणजे अण्णांचा मुलगा, पुण्यात इंजिनिअर आहे. त्यानं रात्री दोन वाजेपर्यंत वाचून काढलं की या गाड्यांचं इंजिन 'आयएमएस बेअरिंग'नं फुटतं, आणि सकाळी वडिलांना फोन करून घाबरवलं.

प्रकरण खरं आहे, पण या गाडीचं नाही. ९११ च्या ९९६ आणि ९९७ पिढ्यांमध्ये २००८ पर्यंत जी साधी कॅरेरा इंजिनं होती त्यांत एक मधला शाफ्ट, म्हणजेच आयएमएस, असायचा, कॅमच्या साखळ्यांना ताकद पुरवणारा. त्याच्या टोकाचं बेअरिंग गेलं की साखळीचं टायमिंग ढळतं आणि इंजिन भंगारात जातं. अमेरिकेत यावर मालकांनी सामूहिक दावा लावला आणि २००१ ते २००५ च्या गाड्यांसाठी तडजोड झाली. २००९ च्या मॉडेलपासून पोर्शेनं इंजिनच नवं आणलं, थेट इंधन फवारणीचं, आणि त्यात तो मधला शाफ्टच ठेवला नाही. म्हणून जाणकार ९९७ चे दोन तुकडे पाडतात, आधीची आणि नंतरची, आणि नंतरचीला भाव जास्त.

तोंडी सांगून भागत नाही, म्हणून चासी नंबरचं दहावं अक्षर दाखवलं : ए, म्हणजे २०१० चं मॉडेल. इंजिनचा क्रमांक एमए१ नं सुरू होतो. जुन्या इंजिनाचा एम९७ नं होतो. ३.८ लिटर, ३८५ अश्वशक्ती, सात गिअरचा पीडीके, म्हणजे पोर्शेचा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. मुलगा हुशार आहे, लगेच पटलं.

दुपारी स्कॅनर लावला. खरी कुंडली इथं कळते. इंजिनचा कॉम्प्युटर आपण किती तास चाललो ते लिहून ठेवतो. मीटरवर २८,६४० किलोमीटर, कॉम्प्युटरमध्ये १,०१२ तास. भागाकार केला की सरासरी ताशी २८ किलोमीटर. सांगली-मिरज रस्त्यावरची वर्दळ आणि अधूनमधून कोल्हापूरचा हायवे, तेव्हा हा आकडा पटतो. मीटर मागे फिरवलेलं असतं तर तास तेच राहून किलोमीटर घटले असते आणि सरासरी दहा-बारावर आली असती. मीटर फिरवणाऱ्याला कॉम्प्युटरातले तास सहसा सुचत नाहीत.

इंजिन मर्यादेबाहेर फिरवल्याच्या नोंदीही असतात, सहा पायऱ्यांमध्ये. वरच्या तीन पायऱ्या कोऱ्या. पीडीकेत तसं होणं अवघडच. चुकीचा खालचा गिअर हा गिअरबॉक्स मुळी घेतच नाही.

प्लग काढून आत बोरोस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा, घातला. सिलिंडरच्या भिंती स्वच्छ, उभे ओरखडे नाहीत.

४ ऑक्टोबर

आजचा दिवस एकाच प्रश्नाला दिला : २०१९ साली ही गाडी कुठं होती?

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही. पुण्या-मुंबईच्या डीलरला एमएच-१० दिसलं की पहिला हाच सुचतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभाग, खणभाग, मारुती रोड, सगळं पाण्यात. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पेढीच्या मालकांचा वाडा गावभागातच.

पुरातली गाडी धुऊन-पुसून विकता येते. लपत नाहीत त्या जागा वेगळ्याच असतात. सीटबेल्ट पार शेवटापर्यंत ओढला. शेवटचा हातभर पट्टा कधी बाहेर येत नाही, त्यामुळे तो कोणी धूत नाही; पूर आला असेल तर गाळाची रेघ तिथं सापडते. पट्टा कोरा. सीटच्या रुळाचे बोल्ट पाहिले, गंज नाही. गालिच्याखालचा फोम कोरडा, वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशी नाही. कृष्णेचा गाळ काळा आणि चिकट, एकदा शिरला की हेडलाइटच्या कोपऱ्यातसुद्धा वर्षानुवर्षं दिसतो. इथं काहीच नाही.

मग कागद. आबांनी पाणी चढायच्या आदल्या दिवशी गाडी फ्लॅटबेडवर घालून कुपवाडच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये हलवली होती. वाहतुकीची पावती दिवाणजींनी २०१९ च्या व्हाउचरच्या गठ्ठ्यातून काढून दिली, तारखेसकट. २०२१ चीही निघाली. जुन्या पेढीचा दिवाणजी काय चीज असते ते आज कळलं. हे दोन चिठोरे अहवालाला जोडणार आहे. माझ्या अंदाजानं या गाडीच्या फाइलमधले सगळ्यात किमती कागद हेच, सर्व्हिसबुकाहूनही.

विम्याच्या बाजूनंही याला अर्थ आहे. चालू इंजिनात पाणी शिरून ते आवळलं, तर साध्या सर्वंकष पॉलिसीत तो खर्च सहसा बसत नाही; इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी वेगळी घ्यावी लागते. पंधरा वर्षांच्या गाडीला ती देणारी कंपनी शोधावी लागेल.

७ ऑक्टोबर

आरटीओ. आरसीची पंधरा वर्षं जूनमध्येच संपली. आबा गेल्यानंतर कुणाचं लक्ष गेलं नाही. साध्या कारच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये फी आहे. आरसीवर 'इम्पोर्टेड' असेल तर ४०,०००. उशिराबद्दल दर महिन्याला ५०० वेगळे, पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी तपासणीला न्यावी लागणार. याच ऑगस्टात नवा नियमही आलाय : वीस वर्षांपुढच्या आयात गाडीला ८०,०००. म्हणजे २०३० चा विचार बापूंनी आत्ताच करून ठेवावा.

तोवर गाडी रस्त्यावर काढायची नाही. नोंदणी संपलेल्या गाडीला काही झालं तर क्लेम अडकतो.

नवी नंबरप्लेटही राहिलीय. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. बापूंना ४०,००० चं काही वाटलं नाही, पण बंपरला भोक पाडायचं म्हटल्यावर चेहरा उतरला.

१० ऑक्टोबर

बाजार. आठवडाभर फोन चालू आहेत.

अण्णांच्या मुलानं परदेशातल्या लिलावांचे आकडे पाठवले. तिकडे याच पिढीच्या काही गाड्यांना डोळे फिरतील असे भाव आहेत, पण ते कशाला आहेत ते बघावं. २०११ ची जीटी३ आरएस ४.०, जगात ६०० नग. स्पोर्ट क्लासिक, २५० नग. स्पीडस्टर, ३५६. शिवाय साध्या कॅरेरातही मॅन्युअल गिअरबॉक्सला तिकडे संग्राहक जास्त पैसे देतात. आपली गाडी पीडीके, त्यातही स्टिअरिंगवर पॅडल नाहीत, पुढे-मागे ढकलायची ती बटणं आहेत. ती बटणं कुणालाच आवडली नाहीत.

आणि मुख्य म्हणजे तिकडचा भाव इकडे येत नाही. जुनी गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली लागते, वर आयात शुल्क. २०१० ची ९११ आज कुणी आणू शकत नाही. इथं ज्या आल्या त्यांतल्या उरल्या तेवढ्याच. माल वाढत नाही हे खरं, पण गिऱ्हाईकही मोजकंच. बंद तळ्यातलं पाणी बाहेरच्या नदीच्या पातळीवरून मोजता येत नाही.

नव्या गाडीचा आधार मात्र धरता येतो. नवी ९११ कॅरेरा २०२४ मध्ये एक्स-शोरूम १.९९ कोटींना आली. महाराष्ट्रात आयात गाडीवर २० टक्के रस्ता कर, म्हणजे जवळपास ४० लाख, पण कमाल मर्यादेमुळे ३० वर थांबतो. ही मर्यादा १ जुलैपर्यंत २० लाख होती. नवी महागली की जुनीला टेकू मिळतो. उलट २२ सप्टेंबरपासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून ४८ टक्क्यांचा ४० झाला. प्रत्येक डीलरनं फोनवर हेच ऐकवलं, 'नव्याच स्वस्त झाल्या साहेब.' घासाघीस करायला त्यांना आयतं कारण मिळालं.

पुण्याच्या एकानं ५६ सांगितले, मुंबईच्या एकानं ५८. डीलर कमी सांगतो त्यामागे त्याचाही हिशेब आहे : ५६ ला घेऊन ६४ ला विकली तर मधल्या ८ लाखांवर १८ टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार जीएसटी त्याच्या खिशातून. कोल्हापूरचं एक घरगुती गिऱ्हाईक ६४ म्हणालं, पण टायर नवे आणि आरसी चालू करून दिली तर. या दोन्हींचा खर्च वजा केला की ६२ च्या आतबाहेर येतं. पुराच्या पावत्या फोटो काढून पाठवल्या, तेव्हा मुंबईवाल्यानं स्वतःहून परत फोन केला.

आहे त्या स्थितीत ६२ लाख. या आकड्यावर मी ठाम आहे.

१३ ऑक्टोबर

ठेवण्याचा खर्च. बापूंच्या मनात फक्त पेट्रोल आणि सर्व्हिसिंग आहे.

विमा : १५०० सीसीच्या वरच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता ७,८९७ रुपये, जीएसटीसह ९,३१८. हा भाग सोपा. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता गाडीच्या ठरवलेल्या किमतीवर. पाच वर्षांपुढच्या गाडीची ती किंमत कोष्टकातून येत नाही, कंपनी आणि मालक बसून ठरवतात. बापूंनी ती स्वस्त हप्त्याच्या मोहानं पाडून घेऊ नये. शिवाय शून्य घसाऱ्याचं कवच मिळणं कठीण, म्हणजे बंपर फुटला तर प्लॅस्टिकच्या किमतीतले निम्मे पैसे आपले. अशा गाडीचं बाहेरून दिसणारं निम्मं नुकसान प्लॅस्टिकचंच असतं.

टायर : कंपनीच्या मान्यतेचा 'एन' शिक्का असलेले चार, कोटेशन १ लाख ८० हजार. किलोमीटरनं झिजणार नाहीत, वयानं बाद होतील. सहा वर्षं धरली तर वर्षाला ३० हजार, गाडी हलो न हलो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, प्लग चार वर्षांनी, इंजिन ऑइल वर्षाला. पुढच्या दोन कोपऱ्यांतल्या रेडिएटरच्या जाळ्यांत पाचोळा साचतो. तो काढायचा खर्च जेमतेम, न काढल्याचा मोठा. उच्च दाबाचा इंधनपंप हा या इंजिनाचा माहितीतला कच्चा दुवा. त्यासाठी रक्कम बाजूला ठेवावी.

पेट्रोलचं वेगळंच त्रांगडं. या पिढीला इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं आणि ९८ ऑक्टेनची शिफारस आहे. आपल्या पंपांवर आता २० टक्के मिसळलेलं. ते इथेनॉल आपल्याच उसाचं, त्यामुळे सांगलीत बसून त्याविरुद्ध बोलायची सोय नाही. पण महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि टाकीतळाशी त्याचा थर बसतो. १०० ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात मिळतं, भाव साध्याच्या दीडपट. वर्षाला दीड-दोन हजार किलोमीटर चालवणाऱ्याला भाव जड नाही, आणायची खटपट जड आहे. माझा सल्ला : पंधरा दिवसांत एकदा गाडी चांगली तापेपर्यंत फिरवा.

आणि सगळ्यात मोठा खर्च कुणी लिहीत नाही. ६२ लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साधारण ४ लाख ३ हजार व्याज. टायर, विमा, ऑइल सगळं एकत्र केलं तरी त्यापुढे किरकोळ. भाव वर्षाला निदान तेवढा चढला तर 'गुंतवणूक' म्हणायचं, नाहीतर हौस म्हणायची. हौस म्हणायला हरकत काहीच नाही.

१५ ऑक्टोबर

सीएसाहेबांकडे बैठक. इथं अण्णांचा आकडा कोसळला.

गाडी पेढीच्या नावावर, आणि पंधरा वर्षं घसारा घेतलेला. मूळ किंमत हिशेबाला १ कोटी धरली, तर वर्षाला १५ टक्के घटत्या किमतीवर कापत आज पुस्तकात ८ लाख ७४ हजार उरते. अशी गाडी पेढीनं विकली तर विक्रीची किंमत आणि ही पुस्तकी किंमत यांतल्या फरकावर १८ टक्के जीएसटी. घरगुती माणसानं स्वतःच्या नावावरची गाडी विकली तर तो लागत नाही, आणि वापरातली वस्तू म्हणून नफ्यावर आयकरही नाही.

गिऱ्हाइकाच्या खिशातून एकूण ६२ च निघणार. त्यातून कर बाजूला काढला की पेढीला ५३ लाख ८८ हजार, सरकारला ८ लाख १२ हजार. तीच गाडी, तेच गिऱ्हाईक, फक्त आरसीवरच्या नावाचा फरक.

बापूंनी विचारलं, "मग मी पुस्तकी किमतीला घेतली तर?" सीएसाहेब हसले. भागीदाराला दिली तरी जीएसटी बाजारभावानं बघतात, आणि भागीदारीची फेररचना असेल तर आयकरातही बाजारभावच धरतात. त्यासाठीच तर मला बोलावलंय.

अण्णा बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं घसाऱ्यानं कर वाचवला, तो आता व्याजासकट परत?" अगदी तसं नाही, पण चुकीचंही नाही.

१८ ऑक्टोबर

अहवाल दिला. बापू एकूण ६२ मोजणार, पेढीत ५३.८८ जमा, अण्णांचा निम्मा हिस्सा २६ लाख ९४ हजार. आयकराचं सीएसाहेब नंतर बघतील. टायर आणि आरसीचा खर्च बापूंचा, कारण ६२ हा आहे त्या स्थितीतला भाव. अण्णांच्या डोक्यात ३१ होते. ते म्हणाले, बाहेर विकूनही एवढेच हाती येत असतील तर घरात राहू दे. पावत्यांचे मूळ कागद गाडीबरोबर बापूंकडे जातील असं लिहून घेतलं, कारण पुढच्या विक्रीत तेच लागतील.

२९ ऑक्टोबर

पाडव्याला पेढीत नोंद झाली. आरसी नूतनीकरणाचा अर्ज दिलाय. ते झाल्यावर मालकी बदल, मग विमा नव्या नावानं. क्रम उलटा करायचा नाही असं एजंटाला बजावलं.

माझं बिल दिवाणजींकडे दिलं. अहवालाची एक प्रत अण्णांना, एक सीएसाहेबांना. बापूंनी प्रत मागितली नाही. टायरवर कोणत्या आठवड्याचा शिक्का येणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं. डीलरकडून लिहून घ्या म्हटलं, सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर परत पाठवा.